गाडी आहे की

गल्लीत त्याला सगळे चावीवाला म्हणायचे. त्यामुळे नवा भाडेकरू राहायला आला की आठवड्याभरात तो कुलूप घेऊन याच्या दारात उभा राहणार आणि हा त्याच्यावर खेकसणार, हे ठरलेलं. त्याच्या चाव्या कुलपाच्या नव्हत्याच. रूळ ज्या लोखंडी चिमट्यांनी खालच्या आडव्या स्लीपरला घट्ट धरलेला असतो, त्यांना रेल्वेतली माणसं चावी म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्यांनी त्या ढिल्या होतात. आपल्या वाट्याचा पट्टा रोज चालत जायचा, ढिली चावी दिसली की हातोडीने ठोकून बसवायची आणि चालत परत यायचं, ही त्याची नोकरी. उन्हात, थंडीत, धुक्यात त्याने जन्मभर हेच केलं. निवृत्त झाला तरी चाल तीच राहिली, स्लीपरच्या अंतराएवढी आखूड पावलं. बाजारात बायको पुढे निघून जायची आणि मागे वळून म्हणायची, "अहो, इथे रूळ नाहीत. टाका की जरा लांब ढांगा."

ज्याने आयुष्यभर चालण्याचा पगार खाल्ला, त्याला वेगाचं वेड लागावं याचं सगळ्यांना नवल वाटायचं. पण लागलं होतं, आणि चांगलंच लागलं होतं. राजधानीपासून त्यांच्या शहरापर्यंत वेगवान गाडी आणायची टूम निघाली, आणि त्या दिवसापासून हा बिनपगारी वकील झाला त्या गाडीचा. कुणी विचारो न विचारो, हा बाजू मांडायला तयार.

समोरच्या पक्षाचा वकील त्याच्या घरातलाच होता. बायकोचा थोरला भाऊ, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. त्याला सगळं गाव मास्तर म्हणायचं, त्यामुळे मेहुणा असूनही हा त्याला मास्तरच म्हणायचा. मास्तर दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहायचे आणि रोज संध्याकाळी बहिणीकडे चहाला यायचे. दाराच्या पायऱ्यांवर दोघे बसत आणि कप हातात येईपर्यंत वाद पेटलेला असे.

"दाजी, एवढ्या पैशात आहे त्या लाईनीचं सोनं होईल," मास्तर म्हणायचे. "नवे डबे येतील, संडासाला पाणी येईल, प्रत्येक स्टेशनावर छप्पर येईल. ते सोडून हा हत्ती कशाला पोसायचा?"

"छपराखाली बसून तरी काय करायचं, मास्तर? गाडीची वाटच बघायची ना?"

"आणि तिकीट? तुमच्या पेन्शनीत परवडणार आहे? बसणार साहेब लोक आणि भरणार आपण."

"बसू देत की. रस्त्यावरच्या त्यांच्या मोटारी तरी कमी होतील. रोज कुणीतरी चिरडलं जातंय तिथे."

"मधल्या गावांत ती थांबणार आहे का? त्यांच्या रानातून जाणार आणि त्यांनाच वाकुल्या दाखवणार!"

मग मास्तर वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने आकडे मांडायचे. रोज इतकी माणसं बसली तर इतके, तिकीट इतकं ठेवलं तर इतके. शेवटी चष्मा कपाळावर चढवून जाहीर करायचे, की अख्खं शहर रोज राजधानीला जाऊन आलं तरी हे पैसे वसूल व्हायचे नाहीत. हिशोबात चावीवाला दर वेळी चारी मुंड्या चीत व्हायचा. आणि दर वेळी त्याच्याकडे एकच पत्ता शिल्लक असायचा.

"माझी पोर दोन तासांत घरी येईल. हे तुमच्या गणितात कुठे बसतं तेवढं सांगा."

यावर मास्तर पेन्सिल खिशात ठेवायचे, कारण ती त्यांचीही लाडकी भाची होती. आतून चावीवाल्याची बायको ओरडायची, "झाली का गाडी चालू? की बंदच पाडलीत? कप आणा आत, मला घासायचेत."

लेक राजधानीत राहायची. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. नवरा तिथलाच, आणि एक मुलगी, शाळेत जाणारी. जुन्या गाडीने माहेरी यायचं म्हणजे दिवस मोडायचा. सकाळी निघायचं, मधल्या जंक्शनला उतरून दुसरी गाडी धरायची, ती उशिराच असायची, आणि घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असायची. एवढा जीव काढून आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी परत कशी जाईल? वर्षातून दोनदा यायची, कधी तीनदा, पण आली की आठवडाभर राहायची. बाहेरच्या खोलीतल्या शिवणयंत्रावर तिची बॅग उघडी पडलेली असायची आणि घरभर तिचे कपडे.

त्याच्या बायकोचा एक स्वभाव होता. दिवसाउजेडी ती कामाचं सोडून दुसरं बोलायचीच नाही. हातात भांडं, झाडू किंवा सुई असायची आणि तोंडात असायचं ते तेवढ्यापुरतं. उचला, सरका, मीठ संपलंय. मनातलं तिला फक्त आडवं पडल्यावर सुचायचं. दिवा मालवला, पाठ टेकली, की ही बोलायला लागायची. नवऱ्याशी मात्र तेही नाही, कारण तो पाठ टेकताच घोरायचा. लेक आली की मायलेकी आतल्या खोलीत शेजारी शेजारी झोपायच्या, आणि भिंतीपलीकडून बोलण्याचा बारीक आवाज येत राहायचा. काय बोलतात ते त्याला कधी कळलं नाही. एकदा त्याने विचारलं, तर बायको म्हणाली, "तुमची गाडी येईपर्यंत काहीतरी बोलायला नको?"

आणि गाडी आली. बांधायला ठरल्याहून दुप्पट वर्षं लागली, आणि पैसेही मास्तर म्हणाले होते त्याहून जास्त लागले. शहराबाहेर काचेचं स्टेशन उभं राहिलं. पहिल्या दिवशी चावीवाला इस्त्रीचा शर्ट घालून नुसती बघायला गेला. गाडी आली आणि आवाजच नाही. तो खाली रुळांकडे बघत राहिला, तर तिथे खडी नव्हती, सरळ काँक्रीट होतं. आपल्यासारख्याला इथे काही काम नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचं त्याला वाईटही वाटलं नाही. उलट घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "माणूस लागतच नाही! एकही चावीवाला नाही!" जणू त्यानेच सगळ्यांना सुट्टी दिली होती.

दुसऱ्याच रविवारी लेक आली. सकाळी तिने राजधानीत नवऱ्याला चहा करून दिला आणि दुपारचं जेवायला ती आईच्या ओट्यापाशी हजर. चावीवाल्याला गल्लीत काय काय सांगू आणि किती सांगू असं झालं. मास्तरांना त्याने मुद्दाम बोलावणं धाडलं. मास्तर आले, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हरलो बाबा." एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच हरले होते. चावीवाल्याने तो दिवस अक्षरशः मिरवला.

संध्याकाळी लेक परत गेली. पहिली वेळ होती, कुणाला काही वाटलं नाही.

मग ती दर महिन्याला यायला लागली. कधी महिन्यातून दोनदा. तिकीट महाग होतं, पण तिचा नवरा समजूतदार होता. मास्तरांचा हिशोब चुकला होता असं नाही. गाडी अर्धी रिकामी धावते, असं वर्तमानपत्रात येतच होतं. पण या एका घरापुरती ती गाडी भरलेली होती. आता कुणी म्हणेल, मग दुःख कशाचं? वर्षातून दोनदा येणारी मुलगी दर महिन्याला येऊ लागली, आणखी काय हवं? चावीवालाही हेच म्हणायचा, आणि छाती काढून म्हणायचा.

पण ती यायची आणि जायची. चप्पल काढते न काढते तोच घालायची वेळ व्हायची. त्यातला निम्मा वेळ आईचा स्वयंपाकात जायचा, कारण लेक जेवायला येणार म्हणजे चार पदार्थ जास्त. आणि उरलेला वेळ, खरं सांगायचं तर, चावीवाला एकटाच खायचा. पोरगी टेकली की याचे प्रश्न सुरू. आज किती मिनिटं लागली? बोगद्यात कान बंद होतात का? पाण्याचा पेला हलतो का? शेजारी कोण बसलं होतं, तो काय म्हणाला गाडीबद्दल? लेक हसून उत्तरं द्यायची. बायको मधूनच हात पुसत दारात यायची, थोडा वेळ उभी राहायची, आणि गॅसवर काहीतरी आहे म्हणून आत जायची. लेकीची बॅग आता शिवणयंत्रावर उघडी पडायची नाही. ती बॅगच आणायची नाही, खांद्याला एक पर्स असायची.

एकदा बायको म्हणाली, "एखाद दिवस रात्रीची राहा ना."

"अगं आई, पोरीची शाळा असते उद्या. आणि पुढच्या महिन्यात येतेच की मी."

"तिला कशाला अडकवतेस?" चावीवाला म्हणाला. "गाडी आहे की. मनात येईल तेव्हा येईल."

बायको आत गेली. डबा भरायला घेतला होता तो भरून दिला.

राहायचं म्हटलं असतं तर लेक राहिलीही असती. पण पूर्वी राहणं हे कुणाला ठरवावं लागत नव्हतं, ते जुनी गाडीच ठरवून टाकायची. आता ते मागून घ्यावं लागत होतं, आणि मागणं बायकोच्या स्वभावात नव्हतं. पुढे जुन्या लाईनीवरची ती दिवसभराची गाडीही बंद झाली. प्रवासीच उरले नाहीत म्हणे.

बायकोच्या पोटात दुखायला लागलं होतं ते याच काळात. कधीपासून, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ताट अर्धं ठेवून उठायची तेव्हा चावीवाला म्हणायचा, "वयाप्रमाणे भूक कमी होते." ती हो म्हणायची. एके दिवशी नळापाशीच खाली बसली आणि उठेना, तेव्हा मास्तरांनी रिक्षा आणली आणि दोघांनी तिला दवाखान्यात नेलं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. म्हणाल्या, आता कापून उपयोग नाही, फार पसरलंय. मग बायकोकडे वळून विचारलं, "आजी, एवढे महिने दुखत होतं. कुणालाच बोलला नाहीत?"

लेक पहिल्या गाडीने आलेली होती, खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिच्याकडे बघत बायको म्हणाली, "हिला सांगायचं म्हणून ठेवलं होतं. दर वेळी राहूनच जायचं."

तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं, मीठ संपलंय म्हणावं तसं. लेकीने तोंड फिरवलं. चावीवाल्याला त्या वाक्याचा नीट अर्थ तेव्हा लागला नाही. तो मनात म्हणत होता, दर महिन्याला येत होती पोरगी, मग सांगायला काय झालं होतं?

पुढचे काही दिवस लेक रोज यायची. सकाळी पहिल्या गाडीने, संध्याकाळी परत. मुलीची वार्षिक परीक्षा सुरू होती आणि नवरा कामावरून उशिरा यायचा. दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांना चावीवाला सांगायचा, "रोज येते राजधानीहून! रोज!" बायकोच्या नाकात नळी होती, तरी त्या वेळी ती हसतेय असं वाटायचं.

त्या संध्याकाळी नर्स चादर बदलायला आली होती. बाहेर दिवे लागायचे होते. खाटेशेजारी लाकडी बाक होता, आजाऱ्याच्या एका माणसाला त्यावर झोपायची परवानगी होती. तिथे चावीवालाच झोपायचा, आणि घोरायचा. लेक पर्स खांद्याला अडकवत होती. बायकोने डोळे उघडले, बाकाकडे बघितलं आणि लेकीला विचारलं, "आज राहणार आहेस का तू?"

लेक थांबली. तिने वडिलांकडे बघितलं. मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर होते, ते म्हणाले, "राहू दे की आजच्या दिवस. नातीला तिचा बाप बघेल."

झालं. हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर कदाचित काही झालं नसतं. नर्स म्हणाली असती तरी चाललं असतं. पण म्हणाले मास्तर, आणि चावीवाल्याच्या अंगात वर्षानुवर्षांची सवय उसळून आली.

"तुम्हाला कशातूनही गाडीचं काढायचंच असतं, मास्तर. कशाला राहायचं तिने? पोरीचा पेपर आहे सकाळी. गाडी आहे की! पेपरला सोडून उद्या पुन्हा हजर होईल. जुना काळ गेला आता, अडकून पडायचा."

"मी गाडीचं कुठे बोलतोय, दाजी?"

"तेच बोलताय." आणि लेकीकडे वळून, "जा तू. उशीर करू नकोस, ती कुणासाठी थांबत नाही."

लेकीने वाकून आईच्या कपाळावर ओठ टेकवले, म्हणाली, "उद्या येते, आई," आणि गेली.

उजाडायच्या आधी बायको गेली. चावीवाला बाकावर झोपलेला होता. त्याला नर्सने उठवलं.

लेक सकाळी आली. मुलीला पेपरला पाठवून पुढचीच गाडी धरली होती तिने. गाडी वेळेवर होती, एक मिनिटही इकडे तिकडे नाही. फोनवर सांगायचं नाही असं मास्तरांनी ठरवलं होतं. ते दवाखान्याच्या दारात उभे होते, त्यांना बघूनच तिला कळलं.

त्यानंतर घरी माणसं येऊन बसायला लागली. लेक या वेळी बॅग घेऊन आली होती. बॅग शिवणयंत्रावर होती, पण ती उघडायचं तिला सुचत नव्हतं. चावीवाला बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचा आणि येणाऱ्याला तेच तेच सांगायचा, दुखणं कसं कळलं, डॉक्टर काय म्हणाले. त्या संध्याकाळचं मात्र तो कुणाला सांगायचा नाही. मास्तरही सांगायचे नाहीत. मास्तर एका शब्दाने बोलले असते तर बरं, असं त्याला वाटायचं. त्यांनी बोलावं, त्याने खाली मान घालावी, निदान तेवढं तरी. पण मास्तर त्याच्या शेजारी बसायचे, त्याला चहा प्यायला लावायचे आणि गप्प राहायचे.

एके दिवशी शेजारचा शिंपी आला. माणूस चांगला, पण जीभ सैल. लेकीला समोर बघून तो हळहळला, "शेवटच्या क्षणाला पोर जवळ नाही म्हणजे बघा! एवढी कोट्यवधींची गाडी आणली, काय उपयोग झाला तिचा?"

चावीवाल्याने डोळे मिटून घेतले. आता मास्तर बोलणार, त्याने मनाशी म्हटलं. बोलू देत, त्यांचा हक्कच आहे.

मास्तर बोलले. "असं कसं म्हणता? गाडी होती म्हणून तर रोज येत होती ती. जुनी गाडी असती तर दोनदा तरी भेट झाली असती का? आधीही दर महिन्याला येत होती. माझ्या बहिणीने लेकीला किती वेळा डोळे भरून बघितलं, त्याचा हिशोब करा जरा." ते अडखळले, चष्मा काढला, पुन्हा घातला. "आणि रस्त्यावरच्या मोटारी कमी झाल्या, ते वेगळंच. रोज कुणीतरी चिरडलं जायचं तिथे. पैशाचं काय, पैसे... पैसे काय सगळ्याच गोष्टींचे वसूल होतात का?"

चावीवाल्याचे सगळे मुद्दे होते ते. एकेक करून, पायऱ्यांवर बसून त्याने वर्षानुवर्षं मांडलेले. मास्तरांनी ते सगळे लक्षात ठेवले होते, आणि आता पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवत होते, त्याच्यासाठी. त्यांना ते नीट जमत नव्हतं. मधला एक मुद्दा सुटलाय हे चावीवाल्याच्या लक्षात आलं, तो त्याने मनातल्या मनात पुरवला.

शिंपी ओशाळून म्हणाला, "नाही, तेही खरंच आहे."

"इतक्या वेळा आले, मामा," आतल्या खोलीच्या दारातून लेक म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "इतक्या वेळा आले आणि एकदाही राहिले नाही. ती विचारत होती, तरी नाही राहिले."

मास्तर तिला काहीतरी म्हणणार होते. चावीवाल्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं.

"तू राहणार होतीस," तो लेकीला म्हणाला. "थांबली होतीस तू, मी बघितलं होतं. तिने तुलाच विचारलं होतं, पण उत्तर मी दिलं. मास्तरांना हरवायचं होतं मला, म्हणून दिलं."

सगळ्यांसमोर म्हणाला तो हे, शिंप्यासमोरसुद्धा. लेक येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली, आणि मास्तर उठून आत चहा टाकायला गेले.